फेलोशिपची वाट बघत पावसाळा घालवू नकोस

आदरणीय ताई,

मी कोल्हापूरची. वय 24. शिवाजी विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं. लहानपण रंकाळ्याच्या काठावर गेलं आणि तेच पाणी हिरवं होतानाही डोळ्यांनी बघितलं. शहरातली तळी, ओढे, विहिरी, झाडं यांवर मला पीएचडी करायची आहे. पण या विषयाची फेलोशिप कुठेच दिसत नाही. मैत्रीण म्हणते, अमेरिकेत यासाठी वेगळी फेलोशिप असते, तिकडे अर्ज कर. इथल्या सरांनी ‘कोल्हापूर शहरातील नागरीकरणाचा जैवविविधतेवर होणारा परिणाम’ असा विषय लिहून आणायला सांगितला. तीन आठवडे बसले तरी दीड पानाच्या पुढे जात नाही. मधल्या काळात शिरोली एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरी चालून आली आहे, पगार 16,000. आबांना वाटतं ती धरावी. पाच वर्षं म्हटल्यावर ते गप्पच होतात आणि आई लग्नाचं काढते. मी काय करू?

तळ्याकाठची

*

प्रिय तळ्याकाठची,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मे अर्धा उलटून गेला होता. म्हणून बाकीची पत्रं मागे ठेवून आधी तुला लिहितेय. ही घाई कशासाठी, ते पुढे कळेल.

पहिल्यांदा पैशाचं बोलू, कारण आबा तेच विचारणार. ‘नागरी परिसंस्था’ अशी पाटी लावलेली फेलोशिप आपल्याकडे शोधत बसलीस तर दमशील. आपल्याकडे संशोधनाचा पैसा बहुतेक वेळा परीक्षेच्या नाहीतर संस्थेच्या नावाने येतो. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे देणारी फेलोशिप, मिळालेल्या मुलीने विहिरी मोजल्या काय आणि वटवाघळं मोजली काय, पैसे देणाऱ्याला फरक पडत नाही. विषय ठरवायचा तो तू, तुझ्या मार्गदर्शकांनी आणि विद्यापीठाच्या समितीने. ‘आपल्या विषयाला फेलोशिप नाही’ हे वाक्य त्यामुळे डोक्यातून काढून टाक. विषय तुझा, दार सगळ्यांचं.

ते दार म्हणजे यूजीसी-नेट. त्यात ‘पर्यावरण विज्ञान’ असा स्वतंत्र विषय आहे. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात परीक्षा होते. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100 प्रश्नांचा, दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये. मग समिती बसते, काम बघते आणि पुढे महिना 42,000. हे दर 1 जानेवारी 2023 पासून लागू आहेत. घरभाडं वेगळं मिळतं. जेआरएफला वयाची अट 30 आहे आणि मुलींना त्यात पाच वर्षांची सूट आहे, तेव्हा वयाची काळजी तुला नाही. जेआरएफ थोडक्यात हुकली तरी सगळं संपत नाही. 2024 पासून नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशालाही धरतात. तिथे नेटला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, आणि ते गुण वर्षभर चालतात. मात्र नुसत्या प्रवेशासोबत पैसे येतीलच असं नाही, हे लक्षात ठेव.

एका परीक्षेवर सगळं वर्ष टांगून ठेवू नकोस, हेही सांगते. 2024 च्या जूनमध्ये नेट झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. लाखो मुलं पुन्हा अभ्यासाला बसली. त्यात त्या मुलांचा दोष नव्हता, पण ज्यांच्या हातात दुसरं काही चालू होतं त्यांना ते कमी लागलं.

राज्याच्याही वाटा आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्था पीएचडी करणाऱ्यांना फेलोशिप देतात. तू कुठल्या गटात येतेस ते पत्रात नाही, पण जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र आजच फाइलला लावून ठेव, जाहिरात आल्यावर धावाधाव नको. जागा मोजक्या असतात आणि अटी बदलत राहतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मुलीने काय सांगितलं यावर न जाता त्या वर्षीची जाहिरात ओळ न् ओळ वाच. सरकारी कागदावर फेलोशिपला ‘अधिछात्रवृत्ती’ म्हणतात, शोधताना तोही शब्द घे. आणि एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. दोन्हीकडे नाव घालून बघू, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस.

एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आली असशील तर केंद्राची इन्स्पायर फेलोशिप बघ. तिची वयोमर्यादा कमी आहे, 27, त्यामुळे ती लांबणीवर टाकू नकोस. आयआयटीत पीएचडीला प्रवेश मिळाला तर संस्थाच याच दराने पैसे देते, बदल्यात थोडं शिकवायचं काम असतं. बंगळुरूची एट्री ही 1996 मध्ये सुरू झालेली पर्यावरण संशोधन संस्था तुझ्या कामाच्या अगदी जवळची आहे. तिथे जीवशास्त्राची मुलं, पाण्याची मुलं आणि समाजशास्त्राची मुलं एकाच टेबलावर बसतात. शहराचा अभ्यास करायला हे तिन्ही लागतं. तिथला पीएचडीचा अभ्यासक्रम एकदा नीट वाचून काढ, अर्ज केलास की नाही ते पुढचं.

आता अमेरिका. मैत्रीण खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतेय. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेची पदवीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठीची जी नावाजलेली फेलोशिप आहे, ती तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. परदेशी विद्यार्थ्याला पैसे येतात ते विद्यापीठाकडून किंवा प्राध्यापकांच्या प्रकल्पातून. म्हणजे तिथेही आधी माणूस शोधावा लागतो. त्याला पत्र लिहावं लागतं आणि ‘माझ्याकडे हा प्रश्न आहे, एवढ्या नोंदी आहेत’ हे दाखवावं लागतं. इथे पीएचडीला नोंदणी झाल्यावर फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर सहा ते नऊ महिने तिकडे जाऊन काम करता येतं. तुझ्यासारखीला मला ती वाट जास्त पटते. तळी कोल्हापुरातच राहतील, तिथून येताना तू फक्त हत्यारं आणशील.

अमेरिकेच्या ज्या गोष्टीचं मला खरं अप्रूप आहे ती वेगळीच. 1997 मध्ये बाल्टिमोर आणि फिनिक्स या दोन शहरांना त्यांनी जंगलासारखंच अभ्यासायला घेतलं, तेही दीर्घकाळासाठी. बाल्टिमोरमध्ये ग्विन्स फॉल्स नावाच्या ओढ्याचं पाणी दर आठवड्याला तपासायला घेतलं ते वर्षानुवर्षं चालू ठेवलं. दर आठवड्याला, ऊन असो की बर्फ. त्यातून जे कळलं ते एका उन्हाळ्याच्या प्रकल्पातून कधीच कळलं नसतं. आपल्या शहरांत असा एक तरी ओढा दाखव ज्याच्या वीस वर्षांच्या आठवडी नोंदी आहेत. तुमच्या शहरातल्या जयंती नाल्याच्या आहेत का, हा पहिला प्रश्न तू महापालिकेला विचारू शकतेस. माहितीच्या अधिकारात अर्ज दिलास तर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता विषयाकडे येते. तुझं पत्र वाचताना मी इथेच थांबले होते.

सरांनी दिलेला विषय तीन आठवड्यांत दीड पानापुढे गेला नाही, कारण त्यात करण्यासारखं काहीच नाही. ‘नागरीकरण’ म्हणजे नेमकं काय, रस्ते की इमारती की माणसं? ‘जैवविविधता’ म्हणजे पक्षी की गोगलगायी की गवतं? ‘परिणाम’ कधीपासून कधीपर्यंतचा? या विषयाचं उत्तर ‘वाईट परिणाम झाला’ हे घरी बसून सांगता येतं. घरी बसून ज्याचं उत्तर सांगता येतं त्यासाठी पाच वर्षं आणि सरकारचे पैसे कशाला? सरांचा राग करू नकोस. त्यांनी मोठं भांडं दिलंय, त्यात काय शिजवायचं ते तुझ्याकडे आहे.

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका कामाला कोल्हापुरात आले होते. शिवाजी पेठेतली मैत्रीण मला गांधी मैदानावर घेऊन गेली. रात्रभर पाऊस होता. मैदानात घोट्याच्या वर पाणी, कडेला पोरं प्लास्टिकच्या बाटलीची होडी करून खेळत होती. मी म्हटलं, गटार तुंबलंय वाटतं. ती म्हणाली, ‘गटार न्हवं, तळं हाय. दरसाली येतंय आपल्या जागंला.’ इथे वरुणतीर्थ नावाचं तळं होतं, ते बुजवून मैदान केलं. कपिलतीर्थाची मंडई झाली. रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं. रंकाळा आणि कोटीतीर्थ राहिले म्हणून आपण त्यांच्याबद्दल बोलतो, उरलेली तळी नावापुरती जिभेवर आहेत.

तुझ्या शहराने तुला विषय असा रस्त्यात मांडून ठेवलाय! बघ, एका वाक्यात असा होतो: बुजवलेल्या तळ्यांच्या जागी आजही पावसाचं पाणी कुठे, किती आणि किती दिवस साठतं, आणि त्या जागांच्या आसपासच्या विहिरींची पातळी दूरच्या विहिरींपेक्षा वेगळी वागते का? यात मोजण्यासारखं आहे. यात तू खोटी ठरण्याचीही शक्यता आहे, म्हणजे विहिरी अगदी सारख्याच वागतात असंही निघेल, आणि ते निघालं तरी प्रबंध उभा राहतो. यात वनस्पतीही येतील, बेडूकही येतील, पण आधी पाणी.

शिवाय हा प्रश्न आजचा आहे. काळम्मावाडी धरणावरून आणलेल्या थेट पाइपलाइनचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात पोचलं. इतकी वर्षं मागणी होती, लोकांना किती आनंद झाला असेल ते मी समजू शकते. पण नळाला पाणी आलं की परसातल्या विहिरीकडे कोण बघतं? जाळी पडते, मग फरशी पडते, मग वर गाडी उभी राहते. ज्या विहिरी आज उघड्या आहेत त्यांतल्या काही तुझा प्रबंध होईपर्यंत उघड्या राहणार नाहीत. नैसर्गिक संसाधनं टिकवायची म्हणजे काय, हे मला तरी मोठमोठ्या व्याख्यांपेक्षा एका बंद होणाऱ्या विहिरीपाशी जास्त कळलं.

तेव्हा आता ती घाई. आपल्या कामाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. फेलोशिपचं वर्ष कधीही सुरू होतं. डिसेंबर सत्राची नेट दिलीस, निकाल लागला, मग विद्यापीठाची जाहिरात, मुलाखत, नोंदणी, मग किमान 12 श्रेयांकांचा कोर्सवर्क. हे सगळं सुरळीत झालं तरी या वर्षीचा पावसाळा तर जातोच, पुढचाही वर्गात बसून जाईल. तीन-चार पावसाळ्यांच्या कामातले दोन असे फुकट गेले तर प्रबंधात मांडणार काय? म्हणून माझं सगळं सांगणं एवढंच आहे की काम फेलोशिपच्या आधी सुरू कर. या जूनमध्ये. पैसे नंतर येतील आणि चालू कामाला येतील.

माझं असंच झालं होतं. पुण्यात पेठांमधल्या वाड्यांच्या विहिरींवर मी काम केलं. नोंदणीच्या आधीचा पूर्ण पावसाळा मी 14 विहिरी दर रविवारी मोजल्या, सायकलवर. मोजायची टेप, तिला शिशाचं वजन आणि खडू. टेपच्या खालच्या हातभर भागाला खडू चोळायचा, सोडायची, वर ओढली की खडू जिथवर भिजून काळा झालाय तिथे पाणी. काठावर रंगाची एक खूण करून ठेवायची, दर वेळी तिथूनच मोजायचं, नाहीतर दगडाच्या उंचसखलपणामुळे चार बोटं इकडे-तिकडे होतात. पंप लागायच्या आत, सकाळी लवकर. एका वाड्यातल्या आजी दर वेळी काठावर बसून माझं बघायच्या. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, ‘कशाला एवढी टेप? दिवाळीला सातवी पायरी, होळीला अकरावी. सासूबाई असताना होळीला नववी असायची.’ मी पायऱ्या मोजल्या, एकेका पायरीची उंची घेतली आणि त्या एका वाक्यातून मला साठ वर्षांपूर्वीची पातळी मिळाली. अर्थात एकीच्या सांगण्यावर प्रबंध उभा करता येत नाही. पुढे आणखी घरं विचारली, तेव्हा कुठे ते लिहायचं धाडस झालं. तुझ्या पेठांतही अशा आजी असतील. त्यांचं नाव-गाव-वय लिहून घे, त्यांची परवानगी घे, आणि कुणाच्या घरची विहीर हे छापताना उघड करू नकोस. माणसं विश्वासाने आत घेतात.

फेलोशिपच्या मुलाखतीत मी ती वही नेली. वाचून ठेवलेल्या सिद्धांतांवर एकही प्रश्न आला नाही. एका ज्येष्ठ सदस्यांनी पानं उलटत विचारलं, ‘3 ऑगस्टला सहा विहिरी कोऱ्या का?’ मी सांगितलं, ताप आला होता, आठवीनंतर चक्कर आली, घरी गेले. ‘मग सोमवारी भरून का नाही टाकल्या?’ म्हटलं, सोमवारी पाऊस जोरात झाला, ती पातळी रविवारची नव्हती. त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली आणि दुसऱ्यांना म्हणाले, आता तुम्ही विचारा. मला तेव्हा कळलं नाही, पण माझी निवड त्या कोऱ्या सहा घरांवर झाली. तुझ्या वहीतही कोरी घरं राहू देत.

आता तुझ्या वहीत काय असावं? तळ्यांच्या जुन्या जागा ठरवायला सिटी सर्व्हेचे नकाशे आणि कोल्हापुरातलं पुरालेखागार. संस्थानकाळातले कागद तिथे आहेत, पण ते चाळायला मोडी लागेल. येत नसेल तर शीक, दोन महिन्यांत कामापुरती येते. उपग्रहाच्या चित्रांवर फार विसंबू नकोस. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं 1972 पासूनची आहेत, फुकट आहेत, पण 1982 नंतरच्या चित्रांतलाही एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 बाय 30 मीटर, आधीचा तर त्याहून मोठा. रंकाळा दिसेल, पेठेतलं तळं त्यात हरवून जाईल. सेंटिनल या युरोपच्या उपग्रहाचा ठिपका 10 मीटरचा असतो, तो आजचं चित्र बघायला बरा, पण 1950 सालचं तळं त्यालाही दिसणार नाही. शिवाय पावसाळ्यात वर ढगच असतात. ते काम तुझ्या पायांनाच करावं लागेल.

रोजचा पाऊस स्वतः मोज. आणि राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज उतरून ठेव, पेपरात येतेच. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे तुला मी काय सांगावं! 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै तू बघितला आहेस. पण प्रबंधात याचा उपयोग वेगळा आहे. खालच्या भागातल्या एखाद्या जागी साठलेलं पाणी नदी चढल्यामुळे आलं की तळं आपल्या जागेला आलं, हे वेगळं काढायला नदीची रोजची पातळी शेजारच्या रकान्यात हवीच. ती नसेल तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात तुला अडकवतील, आणि बरोबरच करतील.

मार्गदर्शक निवडताना लाजू नकोस. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जा, त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध काढ, निदान तीन पूर्ण वाच. नोंदणी कधीची, प्रबंध कधीचा, किती वर्षं लागली ते बघ. मग त्या मुला-मुलींना फोन कर आणि एकच प्रश्न विचार: ‘सर तुमच्यासोबत फिल्डवर किती वेळा आले?’ प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात. जागा आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. तुझे आत्ताचे सर फिल्डवर येणारे असतील तर त्यांच्याकडेच जा. एका पानावर हा नवा प्रश्न लिहून ने. काय विचारतेय, इथेच का, काय मोजणार, आणि काय दिसलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. चौथी ओळ बहुतेक अर्जांत नसते. तुझ्यात असू दे.

नोकरी धर. हे वाचून तुला धक्का बसेल कदाचित, पण धर. पीएचडीऐवजी नको, पीएचडीच्या तयारीसाठी. एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने येतात. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात ते, काढायला बाटली 27 अंशांवर तीन दिवस ठेवून आधीचा आणि नंतरचा विरघळलेला प्राणवायू मोजणं, तेच रसायनाने मोजायचं सीओडी, नायट्रेट, फॉस्फेट, हे तू पुस्तकात शिकलीस. तिथे रोज वीस नमुन्यांवर हात बसेल, चुका दिसतील, कोरा नमुना का लावतात ते कळेल. रंकाळा हिरवा का होतो हे सांगायला उद्या हेच लागणार आहे. फक्त रविवार आणि रोजचा सकाळचा तास देणार नाही असं रुजू होतानाच सांग, आणि नेटचा अर्ज सुटला की त्याच दिवशी भर. अभ्यासाला रात्रीचे दोन तास पुरतात, मात्र रोज हवेत.

या नोकरीचं आणखी एक कारण आहे, ते आबांना सांगू नकोस, पण तू जाणून ठेव. फेलोशिपचे पैसे कागदावर महिन्याला असतात, हातात कधीकधी सहा-सात महिन्यांनी एकदम येतात. माझे एकदा सात महिने थांबले होते. हजेरीचा एक कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात जायचा होता, तेवढ्यासाठी. मी तेव्हा मामेबहिणीकडे राहत होते, तिने कधी विषय काढला नाही, पण मलाच घास उतरायचा नाही. म्हणून या नोकरीतून सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. आणि फेलोशिप लागल्यावर दर महिन्याची हजेरी, दर तिमाहीचे कागद वेळेच्या आधी दे, प्रत्येकाची पोचपावती घे, फोटो काढून ठेव. मोजमापाची हत्यारं, रसायनं यांसाठी जेआरएफमध्ये विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पहिली दोन वर्षं वर्षाला 12,000 रुपये आकस्मिक खर्च मिळतो, पण तोही बिलं दिल्यावर. जीएसटीचं बिल नसेल तर खिशातून गेलं समज.

आबांशी बोलताना त्यांना पटवायला जाऊ नकोस, आकडे दाखव. 16,000 ची नोकरी पाच वर्षांनी किती होईल, आणि जेआरएफ 37,000 वरून 42,000 कधी होते, हे एका कागदावर शेजारी शेजारी लिही. नेट नाही निघाली तर काय, हा रकानाही लिही. दोन वेळा देईन, तोवर नोकरी चालू. त्यांना तुझ्या शिक्षणाची भीती वाटत असेल असं मला वाटत नाही. शिकून पुन्हा रिकामी बसशील, ही भीती असावी. ती खोटी नाही. आजूबाजूला पीएचडी होऊन तासिका तत्त्वावर राबणारी मुलं त्यांनीही बघितली असतील. त्यामुळे पुढे प्राध्यापकीच मिळेल असं वचन त्यांना देऊ नकोस. पाण्याचं, जमिनीचं काम येणाऱ्या माणसाची गरज महापालिकांना, सल्लागार कंपन्यांना, संस्थांना आहे, तेवढंच खरं सांग. आणि एका रविवारी त्यांना विहिरीवर सोबत ने. त्यांच्या लहानपणी पेठेत कुठे पोहायला जायचे, विचार. माझा अंदाज आहे की दोन तरी बुजलेल्या विहिरी ते तुला बोटाने दाखवतील.

लग्नाचं आईशी मोकळं बोल. पीएचडीची मुदत सहा वर्षांची असते, मुलींना आणखी दोन वर्षं सवलत मिळते, आणि बाळंतपणासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. लग्न आणि पीएचडी एकमेकांच्या आड येतात असं नाही. मात्र ज्या घरात रविवारी सकाळी सहाला टेप घेऊन बाहेर पडणं चालणार नाही, ते स्थळ कितीही चांगलं असलं तरी तुझं नव्हे. हे बघायच्या कार्यक्रमातच विचारायचं असतं. आईने नाही विचारलं तर तू विचार.

अजून दोन आठवडे कोरडे आहेत. या शनिवारपर्यंत पाच विहिरी ठरव, दोन वरुणतीर्थाच्या जवळच्या, दोन लांबच्या, एक तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखी, म्हणजे आजारी असलीस तरी ती चुकणार नाही. पुढे वाढव. घरमालकांना भेट, काठावर रंगाची खूण कर. कापडी बांधणीची वही घे, वर्षानुवर्षं टिकली पाहिजे. पहिल्या पानावर विहिरींचा नकाशा काढ. दुसऱ्या पानावर रविवारची तारीख, वेळ, काठावरच्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर, पंप चालू होता की बंद, आणि आकाश कसं होतं ते लिही. पाऊस येण्याआधीची ही सर्वांत खालची पातळी पुन्हा वर्षभर मिळणार नाही.